चाळीस बादल्यांचा हिशेब

जुलै महिना उजाडला की महाराष्ट्रात झाडे लावण्याला ऊत येतो. मंत्री, आमदार, नगराध्यक्ष, बँकेचे संचालक असे सारे मान्यवर त्या आठवड्यात वृक्षप्रेमी होतात. खड्डा मजुरांनी आदल्या दिवशी खणून ठेवलेला असतो. मान्यवरांनी रोपाला हात लावायचा, झारीने चार थेंब शिंपडायचे आणि छायाचित्रकाराकडे पाहायचे, एवढेच उरलेले असते. १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. त्यांचा हेतू निर्मळ होता. परंतु उत्सवाचा स्वभावच असा असतो की तो आरंभाचा होतो, निगराणीचा होत नाही. बारशाला गाव जमते; पोर आजारी पडले की रात्र आईलाच जागवावी लागते.

झाडाच्या आयुष्याचा निकाल जुलैमध्ये लागत नाही. आभाळ भरलेले असताना वाळकी काठीही चार दिवस हिरवी दिसते. खरी परीक्षा असते ती फाल्गुनापासून मृगापर्यंत. त्या साडेतीन-चार महिन्यांत दख्खनच्या पठारावरची काळी जमीन भेगाळते, मुरमाड जमीन तापते, आणि कोवळ्या रोपाची मुळे अजून वरच्या हातभर थरातच असल्यामुळे खालच्या ओलीपर्यंत त्यांची पोच नसते. त्या काळात कोणी पाणी आणून घातले तर झाड जगते, नाही तर मरते. म्हणून दारच्या झाडांची उन्हाळ्यातली निगा या साध्या दिसणाऱ्या विषयात श्रमाचा, पाण्याचा आणि त्यांच्या वाटपाचा प्रश्न दडलेला आहे. राजकीय साप्ताहिकाच्या पानावर हा विषय कशाला, असे ज्या कार्यकर्त्याला वाटेल त्याने हिशेबाची पाटी हाती घेऊन पाहावी.

बादलीचे अर्थशास्त्र

पहिल्या उन्हाळ्यातल्या रोपाला, बुंध्याभोवती नीट आच्छादन केलेले असेल तर, दर तिसऱ्या दिवशी पंधरा लिटरची एक बादली लागते असे धरू. फेब्रुवारीच्या मध्यापासून सात जूनपर्यंत सुमारे ११३ दिवस होतात. म्हणजे अडतीस बादल्या. सांडलवंड धरून चाळीस. चाळीस बादल्या म्हणजे ६०० लिटर, आणि ६०० लिटर म्हणजे ६०० किलो वजन. नळ दारात असेल तर ही गोष्ट रबरी नळीची आहे. पाणी हापशावरून, सार्वजनिक नळावरून किंवा टँकरवरून आणायचे असेल तर ती चाळीस खेपांची आहे. कोकणातला बागाईतदार नव्या कलमाला पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाण्यावाचून ठेवत नाही. तोच न्याय दारच्या कडुनिंबाला वा करंजाला लावला तर रोपामागे शंभराच्या वर बादल्या होतात. जुलैत हौसेने एक रोप लावणारा माणूस शंभर बादल्यांचे कर्ज कोणाच्या तरी डोक्यावर ठेवून जात असतो.

‘डोक्यावर’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. आपल्याकडे पाणी बायका डोक्यावरून आणतात. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली घेतलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे आढळले की, घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर ही कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि अशा कामांना मुळात हात लावणारे पुरुष चारांत एक एवढेच निघाले. लावण्याच्या समारंभात पुरुष पुढे आणि जगवण्याच्या कामात स्त्री पुढे, अशी ही वाटणी आहे. ती मोडण्याची तयारी नसलेल्या कार्यकर्त्याने वृक्षारोपणाचे आवाहन करण्याच्या भानगडीत पडू नये.

हाच हिशेब राज्याच्या पातळीवर मांडला की घोषणांचा पोकळपणा उघडा पडतो. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला होता. ३३ कोटींपैकी पुष्कळशी रोपे वनजमिनीवरची आणि तेथे बादलीने पाणी घालण्याची रीत नाही, हे मान्य. म्हणून केवळ दहावा हिस्सा घरे, शाळा, रस्ते आणि वस्त्या यांच्या आसपासचा धरला तरी एका उन्हाळ्याच्या १३२ कोटी बादल्या होतात. फलकांवर झळकला तो ३३ कोटींचा आकडा. १३२ कोटी बादल्यांचा कोठे झळकला नाही. भांडवली खर्चाचे उद्घाटन करायचे आणि चालू खर्चाकडे पाठ फिरवायची, हा आपल्या नियोजनाचा जुना रोग आहे. दवाखान्याची इमारत उभी राहते आणि औषधांचे कपाट रिकामे असते. झाडांच्या बाबतीत तेच घडते, इतकेच की इमारत रिकामी उभी राहते आणि झाड उभे राहत नाही.

पाणी थोडे, अक्कल जास्त

चाळीस बादल्यांचे ओझे हलके करता येते. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. जमिनीचा स्वभाव ओळखावा लागतो. मे महिन्यात पठारी भागात दिवसाला दहा मिलिमीटरच्या वर बाष्पीभवन होते. एक चौरस मीटरच्या उघड्या, ओल्या आळ्यातून दिवसाकाठी दहा लिटरच्या आसपास पाणी उडून जाऊ शकते, असा त्याचा अर्थ. भर दुपारी उघड्या आळ्यात बादली ओतणारा माणूस झाडापेक्षा सूर्याला अधिक पाणी पाजतो. म्हणून पाणी सूर्यास्तानंतर किंवा पहाटे घालावे, आणि आळ्यावर पालापाचोळा, उसाचे पाचट, गवत, भुसा असे मिळेल ते चार बोटे जाड पसरावे. मात्र हे आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये. तेथे साल कुजते. आळ्यातली माती वरच्यावर हलकी करून भेगा बुजवाव्यात. कोळपणी केली की अर्धे पाणी दिल्यासारखे होते, असे शेतकरी म्हणतो, आणि त्याचे म्हणणे अनुभवाचे आहे.

पाणी कोठे घालावे, यातही चूक होते. मोठ्या झाडाच्या खोडाशी पाणी ओतून फारसा उपयोग नसतो. पाणी शोषणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली आणि त्याही पलीकडे पसरलेली असतात. झाड वाढेल तसे आळे बाहेर सरकवावे. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी सावकाश आणि खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच्या वर राहतात आणि झाड जन्मभर परावलंबी होते.

याहून किफायतशीर उपाय मडक्याचा आहे. बिनझिलईच्या मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवायची, मडके रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचे आणि भरून वर झाकण ठेवायचे. पाणी झिरपत राहते, उडून जात नाही, आणि झाकणामुळे डासही होत नाहीत. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती बांधणाऱ्या समाजाला ठिबक सिंचनाचे तत्त्व नवे नाही. देवासाठी वापरलेली युक्ती झाडासाठी वापरायची, एवढेच. कोवळ्या रोपाला नैर्ऋत्येकडून तरटाचा किंवा झावळीचा आडोसा करावा, म्हणजे दुपारनंतरचे ऊन थेट अंगावर येत नाही.

जुने झाड हीच खरी शिल्लक

या हिशेबातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष जुन्या झाडांसंबंधीचा आहे. पन्नास वर्षांच्या वडाला, चिंचेला किंवा कडुनिंबाला उन्हाळ्यात सहसा कोणी पाणी घालत नाही. त्याची मुळे खोलवर आणि लांबवर गेलेली असतात. त्याला आपल्याकडून हवा असतो तो एवढाच उपकार की आपण त्याचा गळा दाबू नये. पण गळा दाबण्याचेच काम शहरांत चालते. अंगणे सिमेंटने लिंपली जातात, रस्त्याकडेच्या झाडांच्या खोडाला फरशीचे ठोकळे अगदी सालीपर्यंत भिडवले जातात. मुळांना हवा मिळत नाही आणि वळवाची सर आली तरी तिचा थेंब आत मुरत नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली झाडाभोवतीच्या एक मीटर परिसरातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. असा आदेश पाळण्यासाठी न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहार आणि दोन माणसे पुरतात.

दुसरा छळ छाटणीचा. पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्या काढण्याचे काम नगरपालिका एप्रिल-मेमध्ये काढतात. वाळकी किंवा तुटायला आलेली फांदी काढलीच पाहिजे. परंतु त्या निमित्ताने झाडाचा सगळा माथा उतरवला जातो आणि जन्मभर सावलीत राहिलेली साल भर उन्हात उघडी पडून भाजते. तिसरा प्रकार पानगळ पेटवून देण्याचा. झाडाने स्वतःच्या आच्छादनासाठी खाली टाकलेले पान झाडून काढायचे, त्याला काडी लावायची, धूर शेजाऱ्याच्या छातीत घालायचा आणि मग पाण्याच्या टंचाईबद्दल तक्रार करायची, याला सुशिक्षितांची स्वच्छता म्हणतात.

महाराष्ट्रात शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष मानले आणि झाड तोडायचे झाल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. सुधारणा स्वागतार्ह आहे. पण तिचा बादल्यांतला अर्थ ध्यानात घ्यावा. पन्नास वर्षांच्या एका वडाच्या बदली पन्नास रोपे, आणि त्यांना एका उन्हाळ्यात २,००० बादल्या पाणी! एवढे करून वडाची सावली मिळण्यास पुन्हा अर्धशतक. जो वड फुकट सावली देत उभा होता त्याला राखणे हाच सर्वांत स्वस्त वृक्षारोपणाचा कार्यक्रम आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात अठराव्या शतकाच्या आरंभी हे जाणले होते. आरमारासाठी लाकूड लागले तरी रयतेच्या आंबा-फणसाला बळाने हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी दीर्घकाळ लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे त्याचे सांगणे आहे. झाड म्हणजे साठवलेला श्रम होय, हे तत्त्व एका राज्यकर्त्या मुत्सद्द्याला तीन शतकांपूर्वी कळले होते.

कोणाच्या वाट्याचे पाणी?

येथवरचा हिशेब पुष्कळांना पटेल. अवघड प्रश्न पुढेच आहे. ज्या वस्तीत पिण्याचे पाणी आठवड्यातून एकदा येते तेथे झाडाला पाणी घाला असे कोणत्या तोंडाने सांगायचे? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत लातूरच्या एखाद्या गल्लीत जाऊन वृक्षसंवर्धनावर व्याख्यान देणे क्रूरपणाचे ठरले असते. पर्यावरणाचा पुष्कळसा उपदेश येथेच घसरतो. नळीने मोटार धुणाऱ्याला तो काही सांगत नाही आणि घागरीच्या रांगेत उभी असलेल्या बाईला मात्र कर्तव्याची जाणीव करून देतो.

सरकारी मापदंडच पाहावेत. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी दरमाणशी दररोज १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले जाते, आणि भारतीय मानकाच्या वाटणीत त्यातले ५५ लिटर अंघोळीसाठी मोजलेले आहे. ग्रामीण भागासाठी जलजीवन मोहिमेने ठरवलेले एकूण प्रमाणही ५५ लिटर आहे. शहरातला माणूस ज्या पाण्याने नुसती अंघोळ करतो, तेवढ्यात खेड्यातल्या माणसाने पिणे, रांधणे, भांडी, धुणी आणि अंघोळ सारे भागवायचे, असे हे नियोजन सांगते. शहरातही हे १३५ लिटर प्रत्येकाच्या नळाला येतात असे समजण्याचे कारण नाही. ते सरासरीचे पाणी आहे, आणि सरासरीच्या पाण्यात गरीब नेहमीच बुडतो.

मात्र याच आकड्यांत वाटही आहे. पाच माणसांच्या शहरी कुटुंबाचे अंघोळीचे पाणी या मापाने दिवसाला २७५ लिटर होते. त्यातले निम्मे जरी मोरीतून गटारात न जाता आळ्यात गेले तर पंधरा लिटरच्या नऊ बादल्या होतात. म्हणजे दर तिसऱ्या दिवसाच्या पाळीने एका घराच्या वापरलेल्या पाण्यावर पंचवीसहून अधिक रोपे जगू शकतात. भांडी विसळलेले, तांदूळ-भाजी धुतलेले पाणी याशिवाय. सोडायुक्त साबणचुऱ्याचे पहिले पाणी जमिनीला क्षार लावते, ते टाळावे. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी चालते. हे पाणी पानांवर न शिंपडता मातीत मुरू द्यावे, साठवून ठेवू नये आणि कच्च्या खाण्याच्या पालेभाजीला घालू नये. खेड्यापाड्यांत न्हाणीघराच्या मागे केळी आणि अळू लावण्याची जी रीत होती तिच्यात हे सारे शहाणपण होते. सदनिकांच्या संस्कृतीने नळ्या भिंतीत पुरल्या आणि शहाणपणही पुरले. गृहनिर्माण संस्थांनी निदान तळमजल्याच्या मोऱ्यांचे पाणी वेगळे काढून आवारात वळवावे, असा ठराव करण्यास कोणती अडचण आहे? ज्यांच्याकडे पाणी अधिक त्यांच्यावर बादल्याही अधिक, हेच न्यायाचे सूत्र येथे लागू आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून जमिनीऐवजी माणशी पाणीवाटप करून दाखवले आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला. तेथे जमीन असलेल्यांना पाण्यावरचा मक्ता सोडावा लागला. शहरातल्या सुखवस्तू वसाहतींनी निदान सांडपाण्यावरचा मक्ता सोडावा.

सावलीचे वाटपही विषम आहे, हे विसरता कामा नये. बंगल्यांच्या वसाहतीत झाडांची कमान असते आणि पत्र्याच्या झोपडीवर दिवसभर ऊन असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर शासकीय सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ माणसे उष्माघाताने मरण पावली. मान्यवरांच्या व्यासपीठावर छप्पर होते. सावली ही चैनीची वस्तू नाही, हे त्या दुपारी सिद्ध झाले. म्हणून नव्या झाडाची पहिली जागा वस्तीच्या सार्वजनिक नळाजवळ, अंगणवाडीच्या दारात, रिक्षाथांब्यावर आणि आठवडे बाजाराच्या कडेला असली पाहिजे. तेथे राखणारी माणसेही आयती असतात. कडुनिंबाखाली चपला दुरुस्त करणारा, सायकलचे पंक्चर काढणारा, रसवंतीवाला किंवा भाजीवाली त्या झाडाला उरलेले पाणी घालतातच, कारण त्यांची रोजी त्याच्या सावलीत आहे. अतिक्रमणविरोधी पथक त्यांना हुसकावते तेव्हा झाडाचा रखवालदारही हुसकावला जातो.

कार्यक्रम

कार्यकर्त्यांपुढे मागणी आणि रचना अशी दुहेरी कामे आहेत. मागणी अशी की झाडावरचा सरकारी पैसा लावण्यावर न देता जगण्यावर द्यावा. ही कल्पना अव्यवहार्य नाही. राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागून, आणि जिवंत झाडांच्या प्रमाणाशी बांधून देण्याचे सूत्र ठरवले गेले. जे शेतकऱ्याच्या पेरू-डाळिंबाला लागू करता येते ते नगरपालिकेच्या ठेकेदाराच्या रोपांना का लागू करता येऊ नये? शिवाय पाणी घालणे हे काम आहे आणि कामाला मजुरी असते. दुष्काळातल्या माणसाच्या हाताला काम देणारा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली याच महाराष्ट्राने केला. शेतात काम नसते ते महिने आणि रोपांना पाणी हवे असते ते महिने एकच आहेत.

रचनेचे काम याहून साधे आहे. प्रत्येक शाखेने पेलतील तेवढीच झाडे घ्यावीत. दहा माणसांची शाखा असेल तर वीस, दोनशे नव्हेत. प्रत्येक झाडासमोर दोन नावे लिहावीत, आणि त्यांतले निदान एक पुरुषाचे असावे. जुन्या झाडांची यादी करून त्यांच्या खोडाभोवतीची एक मीटर जमीन मोकळी करून घ्यावी. पानगळ पेटू देऊ नये. आणि मोजणी जुलैत न करता मृगाच्या पहिल्या दिवशी करावी. त्या दिवशी किती रोपे लावली हे कोणी विचारू नये. किती जगली, एवढेच विचारावे.

वीसांतली पंधरा जगली असतील तर त्या शाखेने उन्हाळाभर सहाशे बादल्या वाहिल्या, असे समजावे. त्याचे छायाचित्र कोणी काढलेले नसेल. पण जी शाखा चार महिने न चुकता बादली उचलू शकते, ती पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी नगरपालिकेच्या दारात बसली तर तिला सहजासहजी उठवता येणार नाही.